झिजलेल्या जावानी केरिसची डागडुजी : सोलो येथील कामाच्या नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५

इंडोनेशियातील जावा बेटावरच्या सोलो शहरातील पासार त्रिविंदू या जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजारातून सरळ पात्याचा एक केरिस, म्हणजे जावातील पारंपरिक खंजीर, नऊ लाख इंडोनेशियन रुपियांना, म्हणजे सुमारे ४,८०० भारतीय रुपयांना घेतला. शहरालगतच्या कापड गिरणीतील नोकरीमुळे केरिस पाहणे आणि त्याबद्दल ऐकणे नेहमीचेच झाले आहे. झिजलेला केरिस घेऊन तो नीट करण्याचा उद्योग मात्र पहिलाच आहे. पुढेमागे कोणा मराठी संग्राहकाच्या हाती असे पाते आले तर उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

आजची अवस्था अशी आहे. पाते सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असून त्यावर तपकिरी-काळ्या गंजाचा सलग थर आहे. घाटावरून हा ‘तिलाम उपिह’ प्रकार ठरतो, कारण पाते सरळ आहे, मुळाशी अंगठा टेकवण्याजोगा खोलगट भाग आहे आणि त्याच्या वर भुवईसारखी वळलेली बारीक खाच आहे. टोक झिजून बोथट झाले आहे व एका बाजूची धार दुसरीपेक्षा अधिक खाल्लेली आहे. मूठ योग्याकार्ता (जावातीलच दुसरे शहर) पद्धतीची आणि म्यान सोलो पद्धतीचे, गोलसर तोंडाचे ‘गायामान’, अशी ही मिश्र जोडी आहे. म्यानाचे तोंड तिमोहो लाकडाचे असून त्याला चीर गेली आहे, खालच्या दांड्यावरचे पितळी आवरण (पेंडोक) चेपले व फाटले आहे, आणि मूठ व पाते यांच्यामध्ये असावे लागणारे ‘मेंडाक’ हे कडे मुळी नाहीच.

असे असूनही हा केरिस का निवडला, ते सांगतो. आम्लात बुडवून मुद्दाम जुनी भासवलेली नवी पाती या बाजारात पुष्कळ असतात. मदुरा बेटावरील सुमेनेप परिसरात आजही उत्तम नवे केरिस घडतात आणि नवे म्हणूनच विकले जातात, त्याला कोणाचा आक्षेप नाही. अडचण येते ती त्यांनाच चारशे वर्षांचे वय चिकटवले जाते तेव्हा. आम्लाने खाल्लेल्या पात्यावर खड्डे सगळीकडे सारख्याच खोलीचे असतात आणि ज्या खाचांपर्यंत घासणाऱ्याचा हात पोचत नाही त्याही तितक्याच खडबडीत असतात. या पात्याची झीज टोकाकडे व धारेकडे जास्त, आणि मुळाशी कमी आहे. शिवाय पात्याच्या बुडाशी आडवा बसणारा ‘गोंजो’ हा वेगळा तुकडा पात्याच्याच पोताच्या लोखंडाचा दिसतो, म्हणजे तो मागाहून बदललेला नसावा.

२ मार्च

मूठ निघत नाही. मुठीत शिरलेली पात्याची गोल शेपटी, म्हणजे ‘पेसी’, आत गंजून फुगली आहे. जावामधील मुठी सहसा चिकटवलेल्या नसतात. पेसीभोवती दोरा किंवा कापडाची पट्टी गुंडाळून मूठ घट्ट दाबून बसवलेली असते, त्यामुळे हलकेच पिळले की ती सुटायला हवी. येथे पिळण्याचा जोर वाढवणे धोक्याचे आहे, कारण बाहेरून धडधाकट वाटणारी पेसी आतून सुतळीएवढी उरलेली असू शकते आणि ती तुटली तर पात्याची निम्मी किंमत जाते. मुठीच्या तोंडाशी गंज सैल करणारे पातळ तेल सोडून केरिस उलटा टांगून ठेवला आहे.

९ मार्च

नुसत्या तेलाने काम भागले नाही. गोंजोच्या वरचा पात्याचा भाग मेणबत्तीच्या ज्योतीवर थोडा थोडा गरम केला, म्हणजे उष्णता पात्यातून पेसीत उतरते आणि मुठीचे लाकूड जळत नाही. पाते हाताला जेमतेम सोसेल इतकेच तापवावे. त्याहून फारच अधिक तापवले तर धारेच्या पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरण्याची भीती असते. तापवणे, निववणे, पुन्हा तेल सोडणे असे आठवडाभर रोज संध्याकाळी चालले होते. आज मूठ कुरकुरत फिरली आणि सुटली. आत काळा पडलेला सुती दोरा गंजाशी एकजीव होऊन दगडासारखा झाला होता. पेसी बारीक झाली आहे, पण अखंड आणि सरळ आहे. ही मूठ मूळची या केरिसची नसली तरी टाकून न देता पुडीत बांधून ठेवली.

१५ मार्च

पात्यावरचा गंज उतरवण्याचे काम सुरू केले. खंडेनवमीच्या पूजेआधी घरची तलवार राखेने किंवा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडची सवय येथे पूर्ण विसरावी लागते. केरिसचे पाते एका धातूचे नसते. मध्ये पोलादाचा गाभा आणि दोन्ही अंगांना लोखंड व निकेलयुक्त धातू यांचे दुमडून ठोकलेले थर असतात. त्या थरांतून जी नक्षी उमटते तिला पामोर म्हणतात. कानशीने किंवा पॉलिश पेपरने वरचा एक थर गेला की नक्षीच बदलते, आणि ती परत आणता येत नाही. त्यामुळे गंज सौम्य आम्लाने, हळूहळू काढायचा.

नारळाचे पाणी हे येथील जुने साधन आहे. बाजारात नारळ खोवून विकणारे लोक जून नारळाचे पाणी ओतून देतात. एका दुकानातून ते कॅनभर फुकट मिळाले. चार इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याला एका टोकाला टोपण बसवून उभे भांडे केले. याहून अरुंद पाइप चालत नाही, कारण गोंजोची रुंदी आडवी येते. पाते त्यात पूर्ण बुडवून मागच्या अंगणात ठेवले. दोन दिवसांत पाणी आंबले, त्याचा वास शेजारपाजारी पोचला आणि तळाशी काळा गाळ बसू लागला. गाळ बसणे हे काम होत असल्याचे लक्षण आहे. पाणी दर दोन दिवसांनी बदलतो. प्रत्येक वेळी पाते कागदी लिंबाच्या रसाने आणि ‘लेराक’च्या फेसाने मऊ टूथब्रशने घासतो. लेराक हा आपल्या रिठ्याचाच भाऊबंद आहे आणि सोलोत बाटिकची वस्त्रे धुण्यासाठी तो सहज मिळतो.

एका सहकाऱ्याने दुकानात मिळणारे, फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज काढण्याचे द्रावण सुचवले होते. ते आधी भंगारातील लोखंडी पट्टीवर लावून पाहिले. गंज काही मिनिटांत गेला, पण पृष्ठभागावर करडा पापुद्रा राहिला. पुढे पात्याला रंग चढवण्यासाठी लोखंड उघडे असावे लागते, म्हणून हा मार्ग सोडला.

२२ मार्च

येथला पावसाळा अजून सरलेला नाही आणि त्याचा फटका बसला. बुधवारी पाते बहुतेक स्वच्छ, राखाडी-पांढरे झाले होते. ते धुऊन, पुसून कपड्यात गुंडाळून ठेवले. सकाळी त्यावर नारिंगी गंजाची पातळ साय आली होती. आम्लाने उघडे पडलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच गंजते आणि खड्ड्यांत राहिलेला पाण्याचा थेंब कापडाने टिपला जात नाही. आठवड्याचे काम वाया गेले. यावर उपाय म्हणून आता भरपूर साध्या पाण्याने धुतल्यावर लगेच केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देतो, खड्ड्यांवर जास्त वेळ देतो आणि त्याच बैठकीत पात्याला शिलाई मशिनचे तेल लावतो. पुढच्या घासणीपूर्वी ते तेल लेराकने काढावे लागते, एवढेच काम वाढते. रमजान संपत आला असल्यामुळे कारागिरांची दुकाने ईदनंतरच उघडतील. तोवर पाते तेलातच राहू दिले आहे.

१३ एप्रिल

हवा कोरडी होऊ लागली आहे. पुन्हा नारळपाणी, लिंबू आणि लेराक. खड्ड्यांत अडकलेला काळा गंज बांबूच्या तासलेल्या काडीने उकरला. सुई वापरली नाही, कारण तिचे ओरखडे लोखंडावर उमटतात.

आता पामोर दिसू लागला आहे. तो ‘वोस वुताह’ म्हणजे सांडलेल्या तांदळासारखा, विखुरलेल्या ठिपक्यांचा व वळशांचा आहे. जुन्या पात्यात लोखंड आधी झिजते आणि निकेलयुक्त थर मागे राहतो, त्यामुळे डोळे मिटून बोट फिरवले तरी नक्षी हाताला लागते. पोलादाचा गाभा धारेशी करड्या रेघेसारखा वर आला आहे.

त्याच रेघेजवळ, मध्यावर, नखाएवढ्या लांबीची एक बारीक भेग आढळली. पोलाद आणि बाहेरचे थर सुटत चालले असतील तर येथे तो गंभीर दोष मानतात. काम थांबवले.

२० एप्रिल

म्यान करणाऱ्या कारागिरांना येथे ‘म्रांगी’ म्हणतात. अशा एका वृद्ध म्रांगींकडे पाते नेले. त्यांनी ते दोन्ही हातांत घेऊन कपाळाशी नेले, मग उजेडात तिरके धरून भेगेच्या दोन्ही बाजूंना नखाने टिचकी मारली. दोन्हीकडे आवाज सारखा स्वच्छ आला. भेग वरच्या थरापुरती आहे, तिच्यात राळ, डिंक काही भरू नका आणि आणखी आम्लात ठेवू नका, असे त्यांनी सांगितले. खड्ड्यांच्या तळाशी थोडा काळेपणा शिल्लक होता. तो तसाच ठेवण्याचा निर्णय येथेच झाला, आणि मागे वळून पाहता या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. त्या काळेपणाचा पाठलाग केला असता तर भेग उघडली असती.

दुसरी अडचण गोंजोची निघाली. गंज गेल्यावर तो पेसीवर डुगडुगू लागला, म्हणजे आजवर त्याला गंजानेच धरून ठेवले होते. म्रांगींनी तांब्याच्या अगदी पातळ पत्र्याची पट्टी पेसीभोवती देऊन तो वरून दाबून बसवला. एपॉक्सी लावण्याविषयी विचारले तेव्हा ते हसले. पुढच्या माणसाला गोंजो काढावा लागला तर तो पाते तोडेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

पाते कोणत्या काळातले असावे, याविषयी त्यांनी मातारामकालीन, म्हणजे माताराम या जुन्या जावानी राज्याच्या काळचे, असे मत दिले. दुकानातच बसलेल्या दुसऱ्या जाणत्याने तुबान या उत्तर किनाऱ्यावरील जुन्या बंदराचे नाव घेतले आणि दोघांची चर्चा चहा निवेपर्यंत रंगली. केरिसच्या माहितीच्या माझ्या कार्डावर काळाचा रकाना कोरा ठेवला आहे.

१८ मे

मधल्या काळात तयार पेंडोक पावणेदोन लाख रुपियांना विकत घेतले. ते बसले नाही. म्यानाच्या दांड्याचा छेद लंबगोल असतो, प्रत्येक म्यानाचा लंबगोल वेगळा असतो आणि पत्रा ताणला तर सांधा उघडतो. परत घेण्यास विक्रेता तयार नव्हता. जो कोणी हे काम करील त्याने पेंडोक शेवटी, तयार दांडा सोबत नेऊनच घ्यावे. किंवा माझ्याप्रमाणे अखेरीस जुनेच ठोकून सरळ करून व सांधून घ्यावे.

१ जून

आता पात्याला रंग चढवण्याची, म्हणजे ‘वारांगान’ची वेळ होती. यात आर्सेनिकयुक्त खनिज, आपल्याकडे ज्यांना मनशीळ किंवा हरताळ म्हणतात त्या जातीचे, लिंबाच्या रसात मुरवून पात्याला देतात. लोखंड काळे होते, पोलाद करडे-निळसर होते आणि निकेलचा थर पांढराच राहतो. पामोर खऱ्या अर्थाने उठतो तो त्यानंतर. हे काम घरी करायचे नाही, असे पहिल्यापासून ठरवले होते. घरात लहान मूल आहे, स्वयंपाकघर आणि अंगण यांत एका दाराचे अंतर आहे, आणि विषाचे उरलेले पाणी कोठे टाकावे याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

या कामातील जाणकार भेटले, पण सुरो महिना तोंडावर आला होता. जावानी पंचांगाच्या या पहिल्या महिन्यात घरोघरचे आणि राजवाड्यातले केरिस धुतले जातात. त्यांच्याकडे रांग लागली होती. जुलैच्या मध्याशिवाय जमणार नाही, असे कळले. सहा आठवडे हातावर हात ठेवून बसावे लागेल म्हणून प्रथम चरफडलो.

८ जून

म्रांगींना हे सांगितले तेव्हा त्यांनी उलट बरेच झाले म्हटले. म्यानाचा दांडा जुळवताना पाते शेकडो वेळा आत-बाहेर करावे लागते आणि प्रत्येक वेळी ते लाकडाला घासते. वारांगान आधी केले असते तर ताज्या काळ्या रंगावर चरे पडले असते. गंज काढण्यापूर्वी म्यान केले असते तर गंजाबरोबर पात्याची जाडी उतरून ते आत खुळखुळले असते. म्हणून क्रम असा : आधी गंज, मग म्यान, मग पुन्हा एकदा हलकी धुलाई, मग वारांगान, आणि सर्वांत शेवटी मूठ. नवशिक्याला हा क्रम आपणहून सुचत नाही.

तिमोहोचे जुने तोंड ठेवले आहे. त्याच्या फिकट लाकडावरचे गडद डाग सुंदर आहेत आणि नवे तोंड घ्यायचे तर केरिसइतकाच खर्च झाला असता. चीर आतून सांधली. दांडा मात्र नवा केला, कारण जुना आतून गंजाने पोखरला होता. म्रांगी लांब, अरुंद पटाशीने आत कोरत, पाते घालत, काढत, उजेडाकडे धरून घासल्याची चमकती जागा शोधत आणि तेवढाच कीस काढत. पाते आत अधांतरी राहिले पाहिजे. त्याला धरून ठेवतो तो फक्त गोंजो, जो तोंडाच्या वरच्या खाचेत बसतो. या खाचेवरच त्यांचा एक अख्खा दिवस गेला.

१५ जून

सुट्टी असल्याने लावू पर्वताच्या उतारावरील चंडी सुकुह हे देऊळ पाहून आलो. १५व्या शतकातील या देवळात लोहारशाळेचे एक शिल्प आहे : एकीकडे भीम पाते घडवतो आहे, दुसरीकडे अर्जुन उभ्या नळ्यांचा भाता चालवतो आहे आणि मध्ये गणपती नाचतो आहे. भीमासमोर तयार हत्यारे मांडली आहेत. पेसी आणि गोंजो यांच्याशी चार महिने झटल्यावर हे शिल्प पाहताना नजर गणपतीपेक्षा त्या हत्यारांवरच जास्त रेंगाळली.

१३ जुलै

२७ जूनला सुरो लागला, राजवाड्याची मिरवणूक झाली, गर्दी ओसरली आणि आज वारांगान झाले. पण मनासारखे नाही. मुळाशी असलेल्या अंगठ्याच्या खोलगट भागात आणि भुवईच्या खाचेत रंग काळा न होता पिवळट-तपकिरी राहिला. कारण तेथे मशिनच्या तेलाचा अंश होता. सपाट भागावरचे तेल लेराकने गेले, खाचेतले गेले नाही. जाणकारांनी पाते पुन्हा लिंबाने पूर्ण पांढरे करून आणण्यास सांगितले. तेल गेले की नाही हे पाहण्याची खूणही दिली : पात्यावर पाणी ओतल्यास ते सलग पसरले पाहिजे, कोठे थेंब होऊन सुटले तर तेथे तेल आहे.

२० जुलै

आज कडक ऊन होते, जे या कामाला लागतेच. पाते द्रावणात भिजत ठेवण्याऐवजी हाताने चोळण्याची पद्धत त्यांनी वापरली, कारण झिजलेल्या पात्यावर रंग कोठे थांबवायचा हे त्यात डोळ्यांना दिसते. रबरी हातमोजे घालून त्यांनी अनेक वर्षे मुरलेले, गढूळ द्रावण टोपणभर घेतले आणि मुळापासून टोकाकडे बोटांनी चोळत नेले. पहिल्या हाताला काहीच दिसले नाही. मग लिंबाचा रस, पुन्हा चोळणे, उन्हात धरणे, धुणे. हळूहळू लोखंडावर शाईच्या पाण्यासारखा करडेपणा आला, तो निळसर झाला आणि मग एकदम गडद. त्याबरोबर तांदळाचे ठिपके पांढरे उठून आले. धारेची पोलादी रेघ करडी राहताच ते थांबले. आणखी केले तर पोलादही काळे पडून रेघ हरवते. खोलगट भाग या वेळी स्वच्छ काळा झाला. भेग दिसते, पण वाढलेली नाही.

दीड लाख रुपिया आधीच दिले होते. आजच्या कामाचे त्यांनी वेगळे घेतले नाहीत. पात्यावर आर्सेनिकचा अंश राहतो, म्हणून ते हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि मुलांपासून दूर ठेवणे हे कायमचे बंधन आहे.

१० ऑगस्ट

जोडणी पूर्ण झाली. सोलो पद्धतीची तायुमान लाकडाची मूठ दोन लाखांना आणि पितळी मेंडाक पंचाहत्तर हजारांना घेतले. पेसीला सुती दोरा गुंडाळून मूठ दाबून बसवली. दोरा सुरुवातीला जास्त झाला आणि मूठ तिरकी बसली, तेव्हा एक वेढा कमी केला. तेल म्हणून पातळ खनिज तेलात थोडे चंदनाचे तेल मिसळून मऊ कुंचल्याने अगदी हलका हात दिला. तेल निथळेल इतके लावल्यास ते गोंजोखाली साचते, मुठीतील दोरा सैल करते आणि तिमोहोवर डाग पाडते.

खर्च असा : केरिस ९,००,०००, म्यानाची दुरुस्ती, नवा दांडा आणि जुने पेंडोक सरळ करणे ४,५०,०००, मूठ २,००,०००, न बसलेले पेंडोक १,७५,०००, वारांगान १,५०,०००, मेंडाक ७५,०००, लिंबू व लेराक ६०,०००, तेल ५०,०००, पाइप व टोपण ४५,०००. एकूण २१,०५,००० रुपिया, म्हणजे ११,३०० भारतीय रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशांत चांगल्या अवस्थेतला केरिस सहज मिळाला असता, हे नव्याने या वाटेला लागणाऱ्याने आधीच जाणून असावे.

टोकाजवळच्या एका खड्ड्यात आज तपकिरी ठिपका दिसला. तो बांबूच्या काडीने काढून तेल दिले आहे. परत आला तर वारांगान पुन्हा न करता तेवढीच जागा लिंबाने साफ करावी, असा म्रांगींचा सल्ला आहे. नोकरी संपवून परतताना केरिस भारतात आणण्याचा विचार तूर्त नाही. इंडोनेशियाच्या २०१० सालच्या सांस्कृतिक वारसा कायद्यात पन्नास वर्षे किंवा अधिक वयाची वस्तू वारसा ठरू शकते, त्यामुळे देशाबाहेर नेण्यापूर्वी तिची तपासणी करून घ्यावी लागेल, आणि भारतातही एवढ्या लांबीच्या पात्यासाठी शस्त्र कायदा व सीमाशुल्क या दोन्हींचा विचार करावा लागेल. न बसलेले पेंडोक विकायला काढले आहे.